भूल उतरल्यानंतरची रात्र

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसलेल्या आईबापांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. किती वेळ लागेल, रक्त लागेल का, शुद्धीवर कधी येईल, दूध कधी पाजायचं. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये हे प्रश्न मराठीत, तेलुगूत, कन्नडात आणि दखनीत विचारले जातात. इथे अक्कलकोट-मंगळवेढ्याचं पोर येतं तसं तुळजापूर-उमरग्याचं येतं आणि हद्दीपलीकडच्या इंडी-विजापूरचंही येतं. १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं हे रुग्णालय या सगळ्या टापूचा शेवटचा भरवसा आहे. पण एक प्रश्न इथे काय किंवा खासगी दवाखान्यात काय, क्वचितच कोणी विचारतं: ऑपरेशननंतर त्याला दुखेल, त्याचं काय करणार? पोट उघडलंय म्हटल्यावर दुखणारच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं.

तसं धरून चालायचं आता कारण उरलेलं नाही. मुलांवरच्या मोठ्या शस्त्रक्रिया म्हणजे मूत्रपिंडातली विल्म्सची गाठ काढणं, जन्मतःच बंद असलेली शौचाची वाट मोकळी करणं, मूत्रपिंडातून लघवी उतरते तिथला अरुंद भाग कापून पुन्हा जोडणं, छातीत साठून घट्ट झालेला पू खरवडून काढणं. यांनंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत दुखरे. त्या वेदनेवर आज एक सोडून चार-पाच रस्ते आहेत आणि त्यांतला कुठला सरस यावर भूलतज्ज्ञ वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत. मला विचाराल तर त्या वादाचा निकाल थिएटरात लागत नाही. रात्री दोन वाजता वॉर्डात किती जण जागे आहेत, यावर तो लागतो.

आधी एक घोळ निस्तरू. भूल आणि वेदनाशमन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेव्होफ्लुरेनसारखा वायू मास्कमधून हुंगवला की मूल मिनिटभरात झोपतं. पण झोपेतही सुरीची खबर मज्जारज्जूपर्यंत पोचतच असते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतात, साखर वाढते. वायू बंद केला की तो काही मिनिटांत श्वासावाटे निघून जातो आणि मागे वेदनेवरचं काहीच ठेवून जात नाही. म्हणून वेदनेचा बंदोबस्त मूल जागं होण्याआधी, शक्य तर पहिला छेद घेण्याआधीच करावा लागतो.

मुलांना भूल देणं भुलीइतकंच जुनं आहे. नोव्हेंबर १८४७मध्ये एडिंबरोत जेम्स सिम्पसनने क्लोरोफॉर्म वापरायला घेतलं, तेव्हा त्याच्या पहिल्या शस्त्रक्रियांच्या रुग्णांत चार-पाच वर्षांचा एक मुलगा होता. हाताचं कुजलेलं हाड काढायचं होतं आणि पोराला गेलिक सोडून दुसरी भाषा येत नव्हती. त्याला समजावणार कोण? रुमालावर क्लोरोफॉर्म शिंपडून तो नाकाशी धरला, मुलगा झोपला, हाड निघालं.

एवढ्या लवकर सुरुवात होऊनही नवजात बाळांच्या वाट्याला मात्र विसाव्या शतकात वेगळंच आलं. त्यांच्या नसांवरचं आवरण पुरतं तयार झालेलं नसतं, म्हणून त्यांना वेदना नीट कळत नाहीत, अशी समजूत अनेक डॉक्टरांत होती. जोडीला भीतीही होती: इतक्या चिमुकल्या जिवाला वेदनाशामकाचा डोस जास्त झाला तर? ही भीती अगदीच निराधार नव्हती, हे मान्य करायला हवं. तेव्हाची यंत्रं आणि औषधं पाहता बाळ जिवंत बाहेर काढणं हीच मोठी गोष्ट होती. पण परिणाम असा झाला, की बाळाला स्नायू लुळे पाडणारं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड एवढ्यावर छाती उघडली जाई. बाळ हलत नसे, रडत नसे. ते हलूच शकत नव्हतं, हे लक्षात घेतलं जात नव्हतं.

हे चित्र पालटण्यात मोठा हात होता तो इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कंवलजित सिंग आनंद यांचा. ऑक्सफर्डला नवजात अतिदक्षता विभागात काम करताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ऑपरेशनला जाताना स्थिर असलेली बाळं परत येताना निस्तेज आणि डळमळीत होऊन येत. मग त्यांनी अपुऱ्या दिवसांच्या, हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधायच्या बाळांचे दोन गट केले. एकाला नेहमीची भूल आणि दुसऱ्याला तीच भूल अधिक फेंटॅनिल हे वेदनाशामक. फेंटॅनिल न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त उसळली आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली. १९८७च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. त्याच सुमारास अमेरिकेत एका आईला आपल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं ऑपरेशन वेदनाशामकाशिवाय झाल्याचं नंतर कळलं होतं आणि तिने त्यावर रान उठवलं होतं. १९८७मध्येच तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जाहीर केलं, की नवजातांनाही वेदनाशामक द्यायला हवं. आज चाळिशीच्या घरात असलेल्यांच्या जन्माच्या वेळची ही गोष्ट आहे, फार जुनी नाही.

मुलांच्या पोटाखालच्या ऑपरेशनांत आपल्याकडे सर्वांत रुळलेला उपाय म्हणजे कॉडल. पालकांच्या भाषेत माकडहाडातलं इंजेक्शन. ते देताना पाहण्यासारखं असतं. मूल आधीच झोपलेलं असतं. त्याला डाव्या कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घेतात. एक जण डोकं आणि श्वासाची नळी सांभाळतो. हातमोजे घातलेला भूलतज्ज्ञ कुल्ल्यांच्या फटीच्या वरच्या टोकाशी बोटाने चाचपत जातो. त्रिकास्थीच्या शेवटी दोन बारीक उंचवटे लागतात, त्यांच्या मधोमध एक खळगा. मोठ्या माणसात हा खळगा शोधताना घाम फुटतो, बाळात तो बोटाला आपणहून सापडतो. सुई तिरकी आत जाते आणि पडदा भेदताना हाताला बारीकसा ‘टक्’ जाणवतो. मग दट्ट्या मागे ओढून पाहायचं. रक्त आलं तर सुई शिरेत आहे, पाण्यासारखा द्रव आला तर मज्जारज्जूच्या पिशवीत. काहीच आलं नाही तर नाडीच्या पडद्यावर नजर ठेवून औषध थोडं थोडं सोडायचं. सगळं मिळून काही मिनिटांचं काम.

मुलांच्या शरीराने या इंजेक्शनाची सोयच करून ठेवली आहे. मणक्याच्या पोकळीतली चरबी सहा-सात वर्षांपर्यंत लोण्यासारखी सैल असते, त्यामुळे खाली दिलेलं औषध वरपर्यंत सहज चढतं. मोठ्या माणसाला मणक्यात बधिर करणारं औषध दिलं की रक्तदाब धाडकन उतरतो, लहान मुलात तो सहसा जागचा हलत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. मोठ्यांत मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या मणक्यापाशी संपतो, नवजातात तो तिसऱ्यापर्यंत उतरलेला असतो आणि त्याची पिशवी आणखी खाली. सुई जरा जास्त आत गेली तर ती नको तिथे पोचू शकते.

औषध किती द्यायचं याचा हिशेब १९७९मध्ये आर्मिटेज यांनी मांडला, तो अजून चालतो. गुदद्वार-शिश्नाच्या भागासाठी किलोमागे अर्धा मिली, जांघेपर्यंत एक मिली, पोटाच्या वरच्या भागापर्यंत सव्वा मिली. दहा किलोच्या पोराचं उदाहरण घ्या. जांघेच्या ऑपरेशनाला ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध, ०.२५ टक्क्याचं, दहा मिली म्हणजे २५ मिलिग्रॅम. या औषधाची एका वेळची सुरक्षित मर्यादा किलोमागे अडीच मिलिग्रॅम, म्हणजे तीही २५च! वरच्या पोटासाठी साडेबारा मिली हवं असेल तर औषध पातळ करावं लागतं आणि पातळ केलं की त्याचा जोरही उतरतो. मर्यादा ओलांडून ते रक्तात मिसळलं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते. त्यावर उतारा म्हणून २० टक्क्यांची स्निग्ध सलाईन किलोमागे दीड मिली या हिशेबाने शिरेतून देतात. कॉडल देणाऱ्या प्रत्येक थिएटरात तिची बाटली हाताशी असायला हवी.

कॉडलची खरी उणीव वेळेची आहे. एका इंजेक्शनाचा असर चार ते सहा तास. हर्नियाला तेवढं पुरतं, गाठ काढलेल्या पोटाला नाही. सकाळी दहाला ऑपरेशन झालेल्या मुलाचं कॉडल दुपारी उतरतं, तेव्हा निदान डॉक्टर वॉर्डात असतात. दुपारी तीनला झालेल्याचं रात्री आठ-नऊला उतरतं. क्लोनिडिन किंवा डेक्समेडेटोमिडिन मिसळून हा वेळ वाढवता येतो, पण मूल गुंगीतही जास्त राहतं. मॉर्फिन मिसळलं तर आराम दिवसभर पुरू शकतो, पण खाज सुटते, लघवी अडते आणि श्वास मंदावण्याची धास्ती तितकाच वेळ राहते.

म्हणून खरोखर मोठ्या ऑपरेशनांत एपिड्युरलची नळी ठेवतात. केसापेक्षा थोडी जाड नळी मणक्याच्या पोकळीत सरकवून पाठीवर चिकटवायची आणि पंपाने दोन-तीन दिवस औषध सोडत राहायचं. मोठ्यांत ती जागेपणी घालतात, मुलांत झोपवून, कारण पाच वर्षांचं पोर पाठ वाकवून निश्चल बसणार नाही. अगदी लहान बाळांत तर खालून, कॉडलच्याच वाटेने, नळी छातीच्या पातळीपर्यंत चढवतात. ती नीट बसली तर निकाल देखणा असतो. पोटावर वीतभर टाके असलेलं मूल दुसऱ्या दिवशी खोकतं आणि आईच्या मांडीवर बसतं. खोकणं ही इथे किरकोळ बाब नाही. दुखतं म्हणून जे मूल खोकत नाही, उथळ श्वास घेतं, त्याच्या फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि तिसऱ्या दिवशी ताप आणि न्यूमोनिया दारात उभे राहतात.

‘पाठीत इंजेक्शन नको, जन्माची कंबर धरेल,’ हे आजीचं वाक्य मात्र प्रत्येक वॉर्डात ऐकू येतं. आजीला उत्तर द्यायला आता आकडे आहेत. अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांनी एकत्र येऊन एक लाखाहून जास्त ब्लॉकची, म्हणजे नसा बधिर करणाऱ्या अशा इंजेक्शनांची आणि नळ्यांची, नोंद ठेवली. २०१८मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यात नसांना कायमची इजा झालेलं एकही मूल नव्हतं. एपिड्युरलमध्ये बिनसतं ते वेगळ्याच गोष्टींनी. नळी सरकते, गळते, पट्टी ओली होते, पंप थांबतो. रात्री ते कोणाच्या लक्षात आलं नाही तर सकाळपर्यंत मूल विव्हळत राहतं. नवजातात औषध बांधून ठेवणारं रक्तातलं प्रथिन कमी आणि यकृत कच्चं, म्हणून त्यांच्या पंपाचा वेग मोठ्या मुलांच्या निम्म्यावर ठेवावा लागतो. सांगायचं एवढंच, की एपिड्युरलला भूलतज्ज्ञाच्या कसबाइतकीच जाणत्या सिस्टरची गरज असते.

तिसरा रस्ता अफूच्या कुळातल्या औषधांचा. शिरेतून फेंटॅनिल ऑपरेशन चालू असताना, मग मॉर्फिन थेंबाथेंबाने. यात सुईचं कसब लागत नाही, शरीराचा कुठलाही भाग असो, काम होतं. धोका एकच, पण जबर: डोस चढला तर मूल श्वास घ्यायचं विसरतं. १८८८ आणि १८८९मध्ये शेजारच्या हैदराबादेत, निजामाच्या खर्चाने, क्लोरोफॉर्मने माणसं का दगावतात हे शोधायला दोन आयोग बसले होते. नाडीवर विसंबू नका, श्वास पाहा, असा त्यांचा निर्वाळा होता. क्लोरोफॉर्मपुरता तो अपुरा ठरला, कारण ते हृदयही थेट बंद पाडू शकतं. मॉर्फिनला मात्र तो तंतोतंत लागू आहे. मॉर्फिनवरच्या मुलाचे श्वास दर तासाला मोजायचे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा ठेवायचा, मॉर्फिनवरचा उतारा असलेलं नॅलॉक्सोन उशाशी ठेवायचं. परदेशात सहा-सात वर्षांपुढच्या मुलाच्या हातात बटण देतात, दुखलं की त्याने दाबायचं, पंप ठरलेल्या मर्यादेतच औषध सोडतो. बटण आईने किंवा मामाने दाबायचं नाही. झोपलेल्या मुलासाठी मायेने दाबलेलं बटणच घात करतं.

आपल्याकडे मॉर्फिनची आणखी एक अडचण कायद्याची होती. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचं इतकं जंजाळ उभं केलं, की बऱ्याच रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं. २०१४च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटॅनिल यांसारखी सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरवून वाट मोकळी केली. जुनी धास्ती मात्र कपाटाच्या किल्लीला अजून चिकटलेली आहे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत सोनोग्राफीचं यंत्र थिएटरात आलं आणि सुई मणक्यापासून दूर नेता आली. पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये किंवा पाठीच्या स्नायूखाली औषध सोडायचे ब्लॉक आता रुळले आहेत. पाठीच्या स्नायूखालचा ब्लॉक तर २०१६मध्येच पहिल्यांदा मांडला गेला. पाय लुळे पडत नाहीत, लघवी अडत नाही. पण पोटाच्या भिंतीवरचा ब्लॉक भिंतीचीच कळ थांबवतो, आतल्या आतड्याची ओढ नाही. त्याच्या नावाने बाकीची औषधं आखडती घेतली की मूल तळमळतं. आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, तिथे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने टाके घालताना जखमेच्या कडांत तेच ब्युपिव्हाकेन भरलं तरी पहिले काही तास सुसह्य होतात. इतका स्वस्त आणि सोपा उपाय घाईत राहून जातो, हे मला खटकतं.

या सगळ्यांच्या तळाशी असते ती साधी पॅरासिटामॉल. किलोमागे १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, घड्याळ पाहून. मूल रडलं की द्यायची नाही, रडायच्या आधी द्यायची. तिच्या जोडीला, मूत्रपिंडं धड असतील आणि रक्तस्रावाची भीती नसेल तर, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक. एवढं नेमाने दिलं तर मॉर्फिनची गरज बरीच खाली येते. कॉडल, नळी की ब्लॉक हा वाद या पायावर उभा राहून करायचा असतो. दोन-तीन हलक्या हाताच्या औषधांनी वेगवेगळ्या जागी वेदना अडवायची, एकाच जालीम औषधावर भार टाकायचा नाही, हे आता सर्वमान्य आहे.

वेदना मोजल्याशिवाय हे काही जमत नाही, आणि न बोलणाऱ्या मुलाची वेदना मोजायची कशी? मिशिगन विद्यापीठात १९९७मध्ये एक सोपी पद्धत निघाली. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि कवेत घेतल्यावर शांत होणं या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. कपाळाला आठ्या आणि हनुवटी थरथरते? दोन. पाय पोटाशी ओढून घेतलेत? दोन. आईने घेतल्यावर शांत होतं? एक. बेरीज चार किंवा वर गेली की काहीतरी करायला हवं. बोलत्या मुलांसाठी हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता असतो. तो १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या टल्सा इथे डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी तयार केला. सोलापुरात तो फार उपयोगी. पूर्व भागातलं पद्मशाली घरातलं पोर घाबरलं की तेलुगूत बोलतं, इंडीचं कन्नडात, सिस्टर मराठी बोलणारी. चेहऱ्यावर बोट ठेवायला भाषा लागत नाही.

तरी तक्त्याला एक मूल चकवतं: जे एकदम गप्प असतं. मोठ्या ऑपरेशननंतर छताकडे बघत हालचाल न करता पडलेल्या मुलाकडे पाहून ‘शहाणं आहे हो, त्रास नाही देत,’ असं मावशीपासून आत्यापर्यंत सगळे म्हणतात. हललं की कळ येते, म्हणून ते हलत नसतं. त्याला हळूच कुशीवर वळवून पाहा, म्हणजे कळेल.

आणि मग घर. तीन-चार दिवसांनी सुट्टी होते तेव्हा हातात कागद आणि सिरपची बाटली असते. इथे दोन गोष्टी लक्षात असू द्या. खोकल्याच्या जुन्या औषधांतलं कोडीन आणि दुखण्यावर सर्रास मिळणारं ट्रॅमॅडॉल १२ वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७मध्ये बजावलं आहे. काही मुलांचं यकृत त्यांचं रूपांतर फार वेगाने जालीम औषधात करतं आणि श्वास थांबतो. घरातल्या मोठ्यांची उरलेली गोळी अर्धी करून देणं म्हणूनच जिवावर बेतू शकतं.

दुसरी गोष्ट पॅरासिटामॉलच्या बाटलीची. दुकानात ती तीन ताकदींत मिळते. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम, एका सिरपात पाच मिलीत १२५ आणि दुसऱ्यात पाच मिलीत २५०. बारा किलोच्या मुलाला एका वेळी १८० मिलिग्रॅम हवं. म्हणजे थेंबांचं औषध दोन मिलीलाही थोडं कमी, पहिलं सिरप सात मिली आणि दुसरं साडेतीन. डॉक्टरांनी सात मिली सांगितलं आणि दुकानदाराने थेंबांची बाटली दिली, तर एकाच वेळी ७०० मिलिग्रॅम पोटात जातं, जवळजवळ चौपट, आणि दिवसातून चारदा तसंच होत राहिलं तर यकृत धोक्यात येतं. सुट्टी घेताना बाटली सिस्टरच्या हातात द्या आणि सुई नसलेल्या सिरिंजवर किती रेघेपर्यंत भरायचं तिथे पेनाने खूण करून घ्या.